कलम सोळा आणि लंकाबाईंचा अंगठा

९ मार्च, रविवार

व्यापारी कायदा — चौथी खेप! थिअरी पाठ होते, केस आली की पेन थांबतं. नगरला कल्याण सरांचा क्लास. म्हणाले, "एलिझाबेथ, व्याख्या छान लिहिता. पण केसमधली माणसं तुम्हाला दिसतच नाहीत." वर्गात सगळ्यात मोठी मीच, तीस वर्षांची. यंदा गेलं तर पदवीची मुदत संपली. मग जन्मभर सुप्यात पॅकिंग लाइनवर.

१२ मार्च

प्रस्ताव, स्वीकृती, प्रतिफल. बसमध्ये पाठ केलं, कंपनीच्या गेटवर विसरले.

१६ मार्च, रविवार

आज मुक्त संमती. कलम सोळा — अनुचित प्रभाव. सरांनी केस घातली: आजारी माणूस, दवाखाना, विश्वासातल्या कुणीतरी सही घेतली. करार टिकेल? सगळे पटापट लिहायला लागले. मी पेनला टोपण लावलं. पोटात दुखतंय सांगून बाहेर आले.

१७ मार्च

लिहूनच टाकते. जानेवारीत लंकाबाईंचा उजवा हात सीलिंग मशीनमध्ये गेला. माझ्या शेजारीच. तीन बोटं गेली. मशीनचं गार्ड आठ दिवस काढून ठेवलेलं — सगळ्यांना माहीत होतं. दुसऱ्या दिवशी एचआरच्या साहेबांनी मला दवाखान्यात नेलं. "तुम्ही शिकलेल्या. तुमचं ऐकतील त्या." कागदावर लंकाबाईंच्या नावानं होतं — चूक माझी, कंपनीवर दावा करणार नाही. मी वाचलं काय? "मावशी, औषधाचा खर्च कंपनी करणार, असं लिहिलंय." एवढंच! त्या गुंगीत होत्या. डावा अंगठा मीच धरून शाईवर टेकवला.

गाडीत साहेब म्हणाले, "पास व्हा, स्टोअरची जागा तुमचीच."

२३ मार्च, रविवार

सरांना विचारलं — परक्याची केस म्हणून. "असा करार रद्द करता येतो. पण आत काय घडलं ते सांगायला कुणीतरी हवं ना!" बाकी तास डोक्यावरून गेला.

२८ मार्च

शिफ्ट सुटल्यावर लंकाबाईंकडे गेले. डाव्या हातानं भाकरी थापत होत्या. वेड्यावाकड्या. सगळं सांगितलं. रडले मीच.

"साहेबाचं कोन ऐकत हुतं? तू वाचलंस म्हनून अंगठा दिला."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं! वर चहा दिला. म्हणाल्या, "आरतीनं वकील बघितलाय. साक्षीला कुनीच येईना." आरती त्यांची लेक. ती माझ्याकडे पाठ करून दारात उभी होती. साक्षीला येते असं कबूल न करताच मी निघाले.

२ एप्रिल

आईचा देवळालीहून फोन. "प्रार्थना कर, पास होशील." काय मागू? पास झाले तर ती जागा. नापास झाले तर ही लाइन. दोन्हीकडे तेच मशीन दिसतं.

८ एप्रिल

पेपर. कलम सोळा आलंच नाही! भागीदारी आणि मालविक्री. एक केस अर्धी, एक कोरी. गेलं.

१५ एप्रिल

आरतीबरोबर वकिलांकडे. "नोकरी जाईल तुमची," ते म्हणाले.

"जाऊ द्या. लिहा — कागद वाचणारी मी. खोटं वाचलं."