स्वयंपाकघराची पक्की भिंत

३ मे १९५६
शेजारचे हुसेनभाई जहाजावर असतात; सध्या रजेवर घरी आहेत. त्यांनी लंडनहून मुलीसाठी आणलेला प्लास्टिकच्या खेळण्यातल्या विटांचा डबा, मुलगी मोठी झाल्याने, मला दिला. निवृत्तीनंतर बांधावयाच्या बंगल्याचे मॉडेल त्यातून आज पूर्ण केले. आता गवंडी भागोजीस शंकेला जागा नाही.

५ मे
मॉडेलमधील स्वयंपाकघराच्या भिंतीतील दोन विटा बाहेर. उंदीर. पिंजरा लावला.

६ मे
पुन्हा त्याच दोन. पिंजऱ्यातले खोबरे मात्र शाबूत. उंदीर चोखंदळ आहे.

८ मे
उलगडा झाला. विटा सौ. सावित्री काढते. तिचे म्हणणे, तेथे खिडकी हवी. इतकी वर्षे चुलीच्या धुराने डोळे गेले. खिडकीने भिंतीची प्रमाणबद्धता बिघडते, हे मी शांतपणे समजावले. ती चुलीकडे वळली. पटले असावे.

९ मे
पटलेले नाही. विटा बाहेर.
बी.कॉम.ला आम्हांस शिकवले होते, शाईने केलेली नोंद खोडावयाची नाही. मॉडेल कायमचे चिकटवणार.

१० मे
सुताराचा सरस लावला; दमट हवेत सुटला. घरभर दुर्गंधी. सावित्री नाकाला पदर लावून वावरली.

१२ मे
फणसाचा चीक तापवून लावला. पकड उत्तम. संशयित भिंतीस तीन थर. उजव्या हाताची दोन बोटेही चिकटली आहेत; अक्षर त्यामुळे असे. वाद मिटला.

१३ मे
सावित्री पावसला, बहिणीकडे, गोदाताईंकडे गेली. हुसेनभाईंजवळ निरोप ठेवला : खिडकी झाली की कळवा.
चार दिवसांत येईल.

१७ मे
स्वतः चूल पेटवली. डोळ्यांचे पाणी थांबेना. लाकडे ओली असावीत.

१८ मे, पहाटे
लाकडे कोरडी आहेत. खिडकी मंजूर. केवळ दोन विटा काढावयाच्या.

१९ मे
खोबरेल. रॉकेल. उकळते पाणी. व्यर्थ.

२० मे
पटाशी लावली. छप्पर निघाले. व्हरांडा तुटला. दिवाणखाना हातात आला. ती भिंत हलत नाही.

२२ मे
मॉडेल मांडीवर घेऊन एस.टी.ने पावसला गेलो. गोदाताईंच्या ओटीवर ठेवले. खिडकी मंजूर असल्याचे सांगितले. सावित्रीने ती भिंत बोटाने हलवून पाहिली. मग म्हणाली, "सगळ्या घरात एवढी एकच भिंत पक्की केलीत होय?"
गोदाताईंनी चहा दिला.
परतीचे तिकीट एकच काढले.