भरलेली बादली भूपेंद्रला

मी, रुख्माबाई दुधराम कटरे, वय अंदाजे शहात्तर, राहणार मौजा पिंपळटोला, तालुका गोरेगाव, जिल्हा गोंदिया, कोणाच्याही दबावाशिवाय हे सांगते. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण त्यांची वाटणी करायची नाही. मला अक्षर येत नाही. माझा थोरला मुलगा भूपेंद्र लिहून राहिला आहे. शेड आपल्यालाच मिळणार म्हणून आज तो स्वतःचा पेन घेऊन आला.

१. आतषबाजीची शेड आणि गोळे उडवायचे चौदा लोखंडी नळे धाकटी सून दुर्पता हिला. नळा किती वाळूत गाडावा, तोंड कुठे वळवावे, हे तिला झोपेतही येते. भूपेंद्रला गोळ्याची वात आणि दिव्याची वात सारखीच. मान वर काऊन केलीस रे? लिही.

२. राहते घर दुर्पता आणि तिची मुलगी दिव्या यांना. भूपेंद्रच्या गोंदियाच्या फ्लॅटवर त्याची बायको डिंपल मला पाहुण्यांच्या कपात चहा देते. पाहुणीकडून वारसा मागू नये.

३. वात जळूनही जो गोळा नळ्यातून सुटत नाही, त्याला आमच्या धंद्यात बसका म्हणतात. बसक्याजवळ अर्धा तास जायचे नाही. मग न वाकता, बाजूने नळ्यात पाणी ओतायचे. सासऱ्यांनी हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षी शिकवले, भूपेंद्रला मी शिकवले. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरली, तिथे पाचवा गोळा बसला. खुर्च्यांवरचे पाहुणे घड्याळ पाहू लागले. भूपेंद्र धाकट्या भावाला म्हणाला, "घनश्याम, जा बे, पाहून ये." घनश्याम वाकला. त्याचे तोंड मला शेवटपर्यंत कोणी दाखवले नाही. भरलेली बादली दहा पावलांवर होती.

४. पोलीस ठाण्यात भूपेंद्रने कागद लिहिला. म्हणाला, "माय, प्रेत ताब्यात घ्यायचा कागद आहे, अंगठा दे." मी दिला. पुढे दुर्पताने वाचला, तेव्हा कळले. घनश्याम दारू पिऊन होता, असे मी बोलले म्हणे. आता त्याच अक्षरात लिही: घनश्याम प्यालेला नव्हता. त्याला भूपेंद्रने पाठवले.

"माय, हे लिवनं जरुरी आहे का?"

हेही लिही. जरुरी आहे.

५. ती बादली भूपेंद्रला. बुडाला गळत नाही, मी पाहिले. माझ्या चितेला अग्नी दुर्पता देईल. भूपेंद्रने बादली भरून दहा पावलांवर उभे राहावे. अर्धा तास जवळ येऊ नये.

या कागदावर अंगठा देण्याआधी साक्षीदार सुकराम याने तो सर्वांसमोर मोठ्याने वाचला. कलम चारमधले "त्याला भूपेंद्रने पाठवले" हे वाक्य कागदावर नव्हते. ते भूपेंद्रकडूनच लिहून घेतले. सुकरामने पुन्हा वाचले. मग अंगठा दिला.

रुख्माबाई दुधराम कटरे, डाव्या हाताचा अंगठा

लिहिणार: भूपेंद्र दुधराम कटरे (सही)

साक्षीदार:
१. सुकराम मेश्राम, निवृत्त कोतवाल (सही)
२. नीतू बिसेन, आशा सेविका (सही)

ठिकाण: पिंपळटोला
दिनांक: ८ जानेवारी २०२५