ज्याची झेंडी त्यानंच काढायची

॥ श्री ॥

मी, बायनाबाई भ्र. सटवाजी दुधाटे, वय सत्तरीच्या पुढे (नक्की किती ते आईला ठाऊक होतं, ती गेली), धंदा पूर्वी मालगाडीच्या डब्यांच्या स्प्रिंगा जुळवणे, हल्ली नातीचं कौतुक करणे, रा. पूर्णा, ता. पूर्णा, जि. परभणी, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे, माझ्यावर कोणाचा दाब नाही, कोणी मला काही पाजलेलं नाही, आणि हे मृत्युपत्र मी माझ्या हातानं लिहिते आहे. अक्षर वाकडं आहे. ते माझंच असल्याचा तोच पुरावा धरावा.

वरची वाक्यं कशी मांडायची ते श्रीरामराव जोशी यांनी सांगितलं. ते परभणीला एका वकिलाकडे कारकून होते, आता आमच्याच गल्लीत राहतात. ते म्हणाले, "मावशी, मृत्युपत्रात इकडचं तिकडचं लिहू नये." मी म्हटलं, माझं सगळं आयुष्य इकडचं तिकडचंच आहे, ते काढलं तर कागद कोरा राहील.

माणसं दुखणं आलं की मृत्युपत्र करतात. मी आनंद झाला म्हणून करते आहे. माझी नात राजेश्री, माझा मुलगा योगीराज याची मुलगी, मालगाडीच्या डब्यांच्या बोगी बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनियर आहे. बोगी म्हणजे डब्याखालचा चाकांचा गाडा. तिनं आखलेल्या स्प्रिंगा गेल्या महिन्यात तपासणीत पास झाल्या. मी गल्लीत पेढे वाटले. कशाचे पेढे म्हणून विचारलं तर सांगितलं, स्प्रिंगाचे. लोक हसले. हसू देत, पेढे तर खाल्ले.

आता वाटणी.

कलम पहिलं. पूर्ण्याचं राहतं घर, दोन खोल्या, ओसरी, वरचे पत्रे आणि पुढचं अंगण, योगीराज आणि माझी सून सत्यभामा या दोघांच्या नावानं सारखं. एकट्या योगीराजच्या नावानं करत नाही, कारण त्याला लोखंड दिसलं की भंगारवाला आठवतो. डबे दुरुस्तीच्या शेडमधून आणलेल्या माझ्या दोन स्प्रिंगांपैकी एक त्यानं मला न विचारता मोडीत घातली. ही गोष्ट मी विसरले नाही, आणि या कागदामुळे तोही विसरणार नाही.

कलम दुसरं. पोस्टातली बचत, कानातली फुलं आणि ताडकळसच्या बाजारातून घेतलेली पितळी घागर सत्यभामाची. माझ्या गोळ्या तिनं कधी उपकार म्हणून दिल्या नाहीत. भांडली मात्र रोज. दोन्ही गोष्टी चालू ठेवल्याबद्दल हे बक्षीस.

कलम तिसरं. स्प्रिंगांची उंची मोजायची माझी लोखंडी पट्टी राजेश्रीला. हे, म्हणजे माझे मालक, गेल्यावर मी त्यांच्याच शेडमध्ये कामाला लागले. वॅगनखालून काढलेल्या स्प्रिंगा धुवायच्या, सपाट पत्र्यावर उभ्या करायच्या, उंची मोजायची आणि सारख्या उंचीच्या एकत्र लावून त्यांना रंगाचा पट्टा मारायचा. एका बोगीत उंच आणि बुटकी मिसळून घातली की वॅगन कलते. एवढंच माझं ज्ञान, त्यावर घर चाललं. राजेश्रीकडे हे सगळं मशीन मोजतं. तरी तिला पट्टी पाहिजे म्हणते. भिंतीला लावणार आहे म्हणे. लाव बाई.

कलम चौथं. उरलेली एक स्प्रिंग कोणी विकायची नाही. ती कशाला लागेल ते अजून मला सुचलेलं नाही, सुचलं की लिहीन.

कलम पाचवं. वरवंटा. हे जरा समजावून सांगावं लागेल. आमच्या घराला लागूनच माझे धाकटे दीर अप्पाराव यांचं घर आहे, मध्ये एकच भिंत आणि भिंतीत एक दार. सासूबाई होत्या तेव्हा ते दार दिवसभर उघडं असायचं. पाटा-वरवंटा एकच, दोन्ही घरांचा. दार बंद झालं त्या दिवशी पाटा जाऊबाई पंचफुला हिच्याकडे होता आणि वरवंटा मी धुवायला आणला होता. तेव्हापासून पाटा तिकडं, वरवंटा इकडं. दोघींनाही चटणी वाटता आली नाही, आणि दोघींनीही दुसरा घेतला नाही. वरवंटा माझा आहे. तो मी कोणाला देत नाही.

कलम सहावं. दार. आता खरं ते लिहिते.

माझे मालक सटवाजी मालगाडीच्या डब्यांच्या दुरुस्तीला फिटर होते. एका ठेकेदाराची शेड होती, ती केव्हाच मोडली, नाव लिहून उपयोग नाही. अप्पाराव तिथंच खलाशी, म्हणजे फिटरच्या हाताखाली. डबा दुरुस्तीला घेतला की त्याच्या दोन्ही टोकांना लाल झेंडी लावायची. झेंडी आहे तोवर त्या डब्याला कोणी हात लावायचा नाही, इंजिन जोडायचं नाही. आणि नियम असा की ज्याची झेंडी त्यानंच काढायची. साहेब असला तरी त्यानं दुसऱ्याची झेंडी काढायची नाही. कारण खाली कोण आहे ते झेंडी लावणाऱ्यालाच ठाऊक असतं.

त्या दिवशी काम संपलं, हे डब्याखालून बाहेर आले, हात पुसले. अप्पारावांनी ते बघितलं आणि दादाचं काम हलकं करावं म्हणून झेंड्या काढून घेतल्या. यांचा पाना खाली राहिला होता. तो घ्यायला हे परत वाकून आत गेले. झेंडी दिसली नाही म्हणून इंजिन जोडलं, डबा हातभर सरकला. हातभरच.

यांचे कपडे आणि जेवणाचा डबा आणून दिला त्यात एक झेंडीही होती. मी अप्पारावांना खांदा देऊ दिला नाही. ते अंगणात उभे होते, डोक्याला रुमाल न बांधता, आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, "या घराचं माणूस त्या घरात जाणार न्हाई आन् त्या घराचं इथं येणार न्हाई. मी सांगीन तवर." सुतार बोलावला. दाराला आडवी लोखंडी पट्टी टाकली, आरपार बोल्ट घातला आणि बोल्टाला ती झेंडी बांधली.

हे मी चुकले म्हणून लिहीत नाही. योगीराज तेव्हा लहान होता, मी जळत होते. ते दार उघडं असतं तर माझ्या तोंडातून काय काय त्या घरात गेलं असतं आणि तिथल्या माणसानं स्वतःचं काय करून घेतलं असतं, देव जाणे. आमचं घर दुरुस्तीला लागलं होतं. दुरुस्तीला झेंडी लावतातच.

पण गेल्या महिन्यात एक झालं. राजेश्री आली होती. ओसरीवर बसून खडूनं फरशीवर चित्र काढून मला तिची स्प्रिंग समजावत होती. म्हणाली, रिकामा डबा जास्त उडतो, भरलेला शांत चालतो. म्हणून स्प्रिंगेत स्प्रिंग बसवतात, बाहेरची उंच, आतली बुटकी. डबा रिकामा असतो तोवर बाहेरचीच भार घेते. माल भरला, बाहेरची दबली, की आतली तिच्या जोडीला येते. आणि दोघींचा पीळ उलट ठेवतात, म्हणजे एकीच्या वेढ्यात दुसरी अडकत नाही. मला अर्धं कळलं, पण लय बरं वाटलं. फक्त पोरगी जरा जास्तच मोठ्यानं बोलत होती.

मी म्हटलं, "एवढं वरडायलीस कशाला? मी बहिरी हाय का?"

ती म्हणाली, "तू न्हाईस."

भिंतीपलीकडे बाज सरकवल्याचा आवाज आला. मग खोकला. मग कोणीतरी खोकला दाबून धरला. म्हातारा भिंतीला कान लावून नातीची स्प्रिंग ऐकत होता. नात त्यांचीही आहे. त्यांना तिच्या पेढ्याचा तुकडाही गेला नव्हता.

त्या दिवसापासून मला झोप गोड लागेना. योगीराजचे केस पांढरे झाले तरी तो माझा शब्द मोडत नाही. मी मेले तर हा पोरगा दारात उभा राहील आणि अप्पारावांना म्हणेल, काका, आईनं सांगितलं नव्हतं. यांच्या वेळचं तेच परत होईल. झेंडी लावणारं माणूस गेलं की झेंडी काढायची कोणी? डबा जन्मभर तिथंच उभा.

म्हणून लिहून देते की, माझ्या मागे योगीराजनं ते दार उघडावं, आणि माझ्या तिरडीला अप्पाराव दुधाटे यांनी खांदा द्यावा. त्यांना कोणी अडवू नये.

इथपर्यंत लिहून मी कागद श्रीरामरावांकडे वाचायला दिला. पुढचं दोन दिवसांनी लिहिते आहे, शाई वेगळी दिसेल.

श्रीरामरावांनी चष्मा काढला, परत लावला. म्हणाले, "मावशी, कलमाला हरकत नाही. पण मृत्युपत्र तुम्ही गेल्यावर लागू होतं. तोवर दार बंदच."

"बरं मग?"

"मग काही नाही. अप्पाराव आधी गेले तर हे कलम फुकट. आणि उघडणार कोण, तर योगीराज. तुम्ही नाही."

मी म्हटलं, "म्हंजी माझी झेंडी दुसऱ्यानं काढायची?"

ते म्हणाले, "कायद्यानं तसंच होतं."

मी रात्रभर कायदा आणि शेडचा नियम शेजारी शेजारी ठेवून बघितले. दोन्ही उंचीला जुळेनात. माझा नवरा दुसऱ्यानं झेंडी काढली म्हणून गेला, आणि मी माझी झेंडी दुसऱ्यासाठी ठेवून जाणार? मेलेल्या हातानं झेंडी निघत नाही.

सकाळी चहा घेतला. पाना घेतला, रॉकेलची बाटली घेतली आणि दारापाशी गेले. सत्यभामा म्हणाली, "आत्याबाई, यांना बोलवू का?" मी म्हटलं, कोणाला बोलवू नको. झेंडी सोडली. तिचा लाल रंग उन्हानं कधीच उडाला होता, हातात आली तर पोतेऱ्यासारखी. नटाला रॉकेल सोडलं, पाना लावला. नट फिरला, पण त्याच्याबरोबर बोल्टही फिरला. बोल्टाचं डोकं पलीकडं. तिकडून कोणी धरल्याशिवाय नट सुटणारच नव्हता.

पलीकडून आवाज आला, "कोन हाय?"

"मी हाय."

पावलं दाराशी आली. मग, "वैनी?"

"व्हय. बोल्ट फिरायलाय."

"काय करायलाव वैनी?"

"दिसत न्हाई का काय करायले? तिकडून धरा भावजी. पक्कड हाय का घरात, का तीबी पाट्यासंगं ठिवून घेतली?"

आत पंचफुलाचा आवाज आला, "पाटा मीच ठिवलाय, त्येन्ला कशाला बोलताव!" आणि मग ती रडायला लागली.

अप्पारावांनी पकडीनं डोकं धरलं. मी नट फिरवला. मध्येच बोल्ट परत फिरला, मी म्हटलं, नीट धरा. ते म्हणाले, "पक्कड निसटायलीय वैनी. थांबा. धरलं." नट माझ्या हातात आला. पट्टी काढली. दार माझ्याकडं ओढायचं होतं, ते मी ओढलं.

अप्पाराव पक्कड हातात घेऊन तसेच उभे होते. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकेनात. मी म्हटलं, "झेंडी काढली भावजी. माझ्या हातानं काढली. खाली कोनी न्हाई. या."

म्हणून कलम सहावं यातलं दार उघडण्यापुरतं रद्द. दार उघडलं आहे. खांद्याचं तसंच राहील. अप्पाराव तोवर थकले असतील तर नुसता हात लावावा, तेवढं पुरे.

कलम पाचवंही रद्द. वरवंटा मी काल हातानं पंचफुलाला नेऊन दिला, मृत्युपत्रात देण्यासारखा राहिला नाही. तिनं लगेच चटणी वाटली. मीठ जास्त झालं होतं. मी बोलले नाही, इथं लिहून ठेवते.

कलम चौथं पुरं करते. उरलेली स्प्रिंग त्या दाराला टेकण म्हणून ठेवायची. वाऱ्यानं दार मिटतं. वॅगनचा भार घेतलेली आहे ती, एक दार तिला जड नाही. दारात कोणी वीट रचू नये, पडदासुद्धा लावू नये.

कलम सातवं. झेंडी कोणाला देत नाही. ती धुऊन दोरीवर टाकली आहे. माझ्याबरोबर ठेवावी, यांना परत द्यायची आहे.

कलम आठवं आणि शेवटचं. अप्पाराव दुधाटे यांना या मृत्युपत्रानं काहीही मिळत नाही. हे रागानं लिहिलेलं नाही. श्रीरामराव म्हणाले, ज्याला काही मिळतं त्याला शक्यतो साक्षीदार करू नये, पुढं वाद निघतात. मला साक्षीदार तेच पाहिजेत.

ते आज आमच्या ओसरीवर आले. राजेश्री फोनवर होती, तिला पुन्हा सगळी स्प्रिंग पहिल्यापासून सांगायला लावली, या वेळी हळू आवाजात. मग मी कागद पुढं केला आणि पेन दिलं. त्यांनी पेन घेतलं, पण कागदाला हात लावेनात. म्हणाले, "वैनी, करू का मी सही? मागं एकदा न इचारता हात लावला व्हता."

मी म्हटलं, "इचारलंत ना? मग करा."

वरील मजकूर मी लिहिला, मी वाचला, तो मला मान्य आहे. खाडाखोड आहे तिथं माझीच आहे.

ठिकाण: पूर्णा, जि. परभणी
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५

सही: बायनाबाई सटवाजी दुधाटे

आम्हा दोघांसमोर बायनाबाईंनी सही केली आणि त्यांच्यासमोर आम्ही केली.

साक्षीदार १: श्रीराम दत्तात्रय जोशी, रा. पूर्णा

साक्षीदार २: अप्पाराव मारोतराव दुधाटे, रा. पूर्णा, शेजारचं घर. विचारून सही केली.