दाजींच्या वजनाची चौकशी

तीर्थरूप दाजींच्या चरणी साष्टांग नमस्कार,

इकडे आम्ही दोघं धडधाकट आहोत. तुम्हीही तसेच असाल असं धरून चाललो होतो, तेवढ्यात ताईने कळवलं की तुम्ही रात्रीचं जेवण सोडून वजन उतरवायला घेतलंय. वाचून मला कसंनुसं झालं. दाजी, काय हे? तुमच्यासारख्या भारदस्त माणसाला हे शोभतं का? सध्या किती भरता ते अचूक कळवा (चपला घालून आणि न घालता, दोन्ही). शंभराच्या खाली गेला असाल, तर पत्र इथेच ठेवा आणि आधी जेवून घ्या.

पत्रास कारण म्हणाल तर काहीच नाही. मी हल्ली इंजिनाचं काम शिकलो, ते सांगावं म्हटलं. त्याचं असं झालं, एका सज्जन गृहस्थाने बदलीच्या गावी जाताना आपली मोटारसायकल माझ्या भरवशावर ठेवली. आठवड्यातून एकदा चालू कर, बाकी हात लावू नकोस, एवढं बजावून गेला. (माणूस थोडा तापट, पण मनाने फार मोठा.) पुढच्या महिन्यात तो गाडी न्यायला येणार. आता ती चालू केली की कुठूनतरी खडखड ऐकू यायची. म्हटलं, तो येईपर्यंत इंजिन नवंकोरं करून ठेवावं, बिचाऱ्याला बरं वाटेल. आणि इंजिन उघडलं.

सिलिंडरची आतली भिंत गुळगुळीत झाली की पिस्टनवर चढवायच्या नव्या कड्या, म्हणजे रिंगा, तिला धरत नाहीत. म्हणून ड्रिलला घासायचे दगड लावून आत फुल्याफुल्यांचे बारीक ओरखडे काढायचे. याला होनिंग म्हणतात. ड्रिल सारखं खालीवर करायचं असतं. मी ते एकाच जागी धरून बसलो (शेजारच्या काकांना होनिंग समजावून देत होतो), तर फुल्यांऐवजी बांगड्या उमटल्या. पुन्हा घासलं. साबणाच्या गरम पाण्याने धुतलं, पांढरं फडकं फिरवून आत काळं उरलं नाही ना ते पाहिलं (फडकं म्हणजे हिचा नवा टॉवेल) आणि समाधानाने चहाला बसलो. अर्ध्या तासात आत तांबूस गंज! धुतल्या धुतल्या तेलाचा हात फिरवायचा असतो, हे पुस्तकात पुढच्या पानावर होतं. तिसऱ्यांदा घासलं. पहिली रिंग चढवताना ती माझ्या हातात कट्कन मोडली. तेव्हा हिने दुसरी घेतली आणि एक शब्दही न बोलता बसवली. न बोलता, दाजी! एवढं मला आजवर काही लागलं नव्हतं.

गाडी चालू झाली. मी ती तासभर अंगणातच हळुवार चालू ठेवली, तर धुराने शेजाऱ्यांचं वाळत घातलेलं धुणं काळवंडलं. लेथवाल्याकडे गेलो. तो खेकसला, "तान्हं बाळ आहे का ते? असे लाड केलेत तर रिंगा भिंतीला घासून जन्मात बसायच्या नाहीत, तेल जळून धूर येतच राहणार! ओझं टाका, चढावर दामटा. पहिल्या पन्नास-साठ किलोमीटरात बसल्या तर बसल्या, नाहीतर सगळं परत उघडा." म्हणून मागे वाळूचं पोतं बांधलं. ते ऐन चढावर घसरलं आणि न्हाव्याच्या दारात फुटलं. ही मागे बसायला तयार नाही. पंचवीस किलोमीटर संपले, धूर आहे तसाच. दाजी, थट्टा बाजूला, मला खरंच धास्ती वाटते. त्या माणसाने किती विश्वासाने किल्ली हातात दिली होती.

असो. ताईला नमस्कार, भाचरांना आशीर्वाद.

तुमचा लाडका (असा माझा समज),
मेहुणा

ता. क. – ओझं असं हवं की जे चढावर आपल्या हातांनी घट्ट धरून बसेल. येत्या शनिवारच्या बसने आठ दिवसांसाठी याच. ही रोज गोडधोड करणार आहे.

ता. क. २ – पत्र पाकिटात घालता घालता शोध लागला. ती खडखड इंजिनाची नव्हतीच. मागच्या नंबरप्लेटचा स्क्रू ढिला होता. आवळला, थांबली. प्लेटही पुसून लख्ख केली आहे. नंबर अर्थातच तुमचाच आहे, दाजी. रागावून आलात तरी चालेल, पण जेवून या.