खालच्या गाळ्यासाठी दिलेली सही

मंगळवार, संध्याकाळ

खालच्या गाळ्यात खानावळ होणार समजून मी ना-हरकतीच्या कागदावर सही दिली. कागद इंग्रजीत होता. गरम भाकरी जिन्याखालीच मिळेल, एवढंच डोक्यात. आज पाटी लागली, परमिट रूम! नात क्लासवरून येते ती त्याच दारासमोरून. वाचून घ्यायला काय झालं होतं मला?

सुनेनं विरोधाचा अर्ज आणला. म्हणाली, "मामा, कुण्या येड्यानं सही दिली असंल की हो! पहिली सही तुमचीच पाहिजे म्हणतेत समदे. वडीलधारे तुमी."

चष्मा सापडत नाही म्हणालो.

"डोळ्यावरच हाय की!"

केली सही. आता दोन्ही कागद एकाच साहेबाच्या टेबलावर जाणार.