बोंडारा यंदा लवकर तांबडा झाला

करंजपाडा, ता. सुरगाणा
८ नोव्हेंबर १९८३

ति. सौ. सावित्रीताईस,
मंगळूचा सा. न. वि. वि.

हे पत्र दाजींच्या हाती लागायच्या आत वाच आणि चुलीत घाल. देवाच्या बोंडाऱ्याची साल मी काढली. सगळ्या झाडाची नाय, एकाच फांदीची, ओट्याच्या अंगाला आलेली ती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी वर चढलो, विळ्यानं गोल पट्टा सोलला, वर चिखल थापला आणि शहाण्यासारखा घरी येऊन भाकर खाल्ली. वीस दिवसांत फांदी अशी तांबडी झाली की मलाच हात जोडावेसे वाटले.

आता तू ओरडशील. आधी ऐक. हा कुठला कायदा गं? बोंडाऱ्याचं पान तांबडं झाल्याबिगर पाड्यातल्या कोणी मजुरी करून जगायला बाहेर जायचं नाय! बाकीच्या पाड्यांना झाडं नायत का? ते दिवाळीचा दिवा विझला की टेम्पोत बसतात. आपण मान वर करून झाडाकडं बघत बसतो. गेल्या साली आपण गेलो तवर द्राक्षाचे सगळे मळे दुसऱ्यांनी भरले होते. आई चार महिने कांद्याच्या रानात वाकून होती. तिची कंबर अजून सरळ नाय. त्या झाडाला विचारलं का कोणी, की बाबा, तुझी पानं उशिरा का पिकली?

परवा भिकाबाबा कारभारी ओट्यावर आला. मान वाकडी करून फांदीकडं लय वेळ बघितलं, सात पानं तोडली, देवापुढं ठेवली, नारळ फोडला. सगळा पाडा नाचला. सोमवारी त्याच्या जावयाचा, नाथा मुकादमाचा, टेम्पो येतोय. मी पण नाचलो. सगळ्यात जास्त मीच नाचलो.

दाजींना नमस्कार सांग, बाकी काय सांगू नको. माझ्यावरचा लोभ पातळ करू नको.

तुझा भाऊ
मंगळू

नाशिक, पंचवटी
१२ नोव्हेंबर १९८३

चि. मंगळू यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. खरं तर दोन थोबाडीत द्यायच्या आहेत, त्या उधार.

तुझं पत्र तुझ्या दाजींनीच पोस्टमनकडून घेतलं. मी हातातून ओढून घेतलं आणि बायकांच्या तब्येतीचं आहे असं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, बोंडारा झाला का तांबडा. तुला माहीत आहे ना, लग्न झाल्यापासून ते माझ्या माहेरच्या पत्रातून ती तारीख वहीत उतरवून घेतात? सात वर्षांच्या तारखा आहेत. माझ्या तोंडून निघून गेलं, झाला म्हणून. माणूस उडालाच! तीन आठवडे लवकर! दुसऱ्या दिवशी शाळेत सातवीच्या वर्गाला सांगून आले की यंदा थंडी कडक पडणार. मला भर उन्हात गोधड्या वाळत घालायला लावल्या. रात्री त्या पांघरून घामोळं आलंय पोरांना.

ते राहू दे. तू पत्रात आईची कंबर लिहिलीस, नाथाचा टेम्पो लिहिलास, स्वतःचा नाच लिहिलास. चिमणाआजीचं काय? यंदा सावडीत तिची पाळी शेवटची आहे असं आईनं गणपतीत सांगितलं होतं. सगळ्यांनी मिळून एकेकाचं पीक कापायचं, मळायचं, म्हणून तर तो कायदा आहे, मूर्खा. झाडासाठी नाही. सगळ्यांचं धान्य घरात येईपर्यंत कोणी हलू नये म्हणून आहे. तिच्या नागलीला कोणाचा हात लागला का? तिला ना मुलगा, ना सून. ती नागली हातची गेली तर पावसाळ्यापर्यंत ती काय खाईल?

उलट टपाली उत्तर पाहिजे. राग आहे, तरी जीव आहेच तुझ्यावर.

तुझी ताई
सावित्री

करंजपाडा
१६ नोव्हेंबर १९८३

ति. सौ. ताईस, सा. न.

तुझं पत्र काल आलं. ते यायच्या आधीच मला कळलं होतं, पण तुला पटणार नाय.

रविवारी मी गुपचूप फांदी बघायला गेलो. वाटलं, चिखल सुकून पडला असला तर परत थापावा. वर चढून बघतो तर माझा चिखल नायच! सोललेल्या जागी शेणमाती लिंपलेली, वरून बोट फिरवून गुळगुळीत केलेली. माझ्या बापजन्मात मी एवढं नीट लिंपलं नाय. कोणी लिंपलं? पाड्यात तशी बोटं फिरवून कणगी लिंपणारा एकच माणूस, भिकाबाबा! नारळ फोडायच्या आधीच त्यानं ते बघितलं होतं. चिखल पडलेला, साल सोललेली, सगळं बघितलं. आणि झाकलं. का? यंदा सावडीत पहिली पाळी त्याची होती, त्याचं धान्य कणगीत पडलंय. आणि जावयाला टेम्पो लवकर भरून पाहिजे होता.

माझ्या अंगाची आग झाली. मी केली ती चेष्टा. मला कुठं माहीत होतं कोणाची पाळी कितवी ते! बरं, माहीत होतं, पण डोक्यात आलं नाय. ह्या माणसाला सगळं माहीत होतं आणि तरी देवापुढं हात जोडून उभा राहिला. आणि मी त्याला चोर म्हणू शकत नाय. म्हटलं तर लोक विचारतील, तुला रे कसं ठाऊक?

सोमवारी टेम्पो आला. शेजारचा बापू चढला, आई चढली, मी पण चढलो. नाथा खाली उभा राहून आम्हाला लवकर लवकर करत होता, जसं काय आम्ही त्याची बकरी. टेम्पो वळणावर आला आणि वरच्या उताराला चिमणाआजी दिसली. एकटी. विळा घेऊन नागलीची कणसं खुडत होती. सगळं रान उभं आणि त्यात ती एवढीशी. तिनं मान वर करून टेम्पोकडं बघितलं पण नाय.

मी पोट धरून बोंबललो. आईला सांगितलं दोन दिवसांनी येतो, आणि उतरलो.

दोन दिवस खुडतोय. रात्री डुकरं येतात, एक कोपरा पार उलथा केला. दोघांच्यानं होणार नाय, ताई. आणि तो भिकाबाबा म्हातारा म्हणून जगायला जात नाय, तो दारात बसून विडी ओढतोय! काय करू सांग. लोभ ठेव म्हणायला पण लाज वाटते.

मंगळू

नाशिक
२० नोव्हेंबर १९८३

चि. मंगळू यास, आशीर्वाद.

टेम्पोतून उतरलास ते वाचून एक थोबाडीत माफ केली. दुसरी आहे.

लोकांपुढे बोंबलू नकोस. भिकाबाबाच्या दारात जा, विळा घेऊन. एक नाही, दोन विळे घेऊन जा. एक त्याच्या हातात दे. तोंडानं काही बोलायची गरज पडणार नाही, पडली तर कमी बोल. चिमणाआजीला मात्र यातलं काही कळू देऊ नकोस. या वयात तिच्या मनाला लागेल.

दाजींच्या वहीचं मी बघितलं. त्या तारखेवर कपभर चहा सांडला. आता ते दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीत. घरात जरा शांतता आहे. जेवणाची आबाळ करू नको. माया आहेच.

सावित्री

करंजपाडा
२ डिसेंबर १९८३

ति. सौ. ताईस,
मंगळूचा सा. न. वि. वि.

तू सांगितलं तसं केलं. दोन विळे घेऊन गेलो. भिकाबाबानं विचारलं हे काय. मी म्हटलं, बोंडाऱ्याला शेणमाती कोणी लिंपली ते मी पाड्याला सांगणार हाय. त्यानं विडी विझवली आणि म्हणाला, आधी सोललं कोणी ते सांग, मग लिंपणारा शोधू. ताई, एवढा निर्लज्ज! म्हणजे त्यानं मला पण बघितलेलं. मी म्हटलं बरं, तू मला बुडव, मी तुला बुडवतो, तिकडं आजीची नागली डुकरं बुडवतील. तवा त्यानं हात पुढं केला आणि विळा घेतला.

मग आठ दिवस तो, मी आणि आजी. नागली खुडली, भात कापलं, आता मळणी चाललीय. म्हाताऱ्याला काम येतं लय, हे कबूल करायला लागतंय. पण राग कशाचा येतो सांगू? आजी त्याला रोज पहिली भाकर वाढते! मोठी! त्याला म्हणते, तुझ्यासारखा कारभारी म्हणून पाडा टिकून हाय. आणि हा मान खाली घालून खातो. दोनदा तोंडावर आलं होतं, सांगून टाकू सगळं, माझं झालं ते झालं.

काल तो पाणी प्यायला झऱ्यावर गेला आणि मला राहवलं नाय. आजीला म्हटलं, त्याला एवढं चढवू नको, तुला ठाऊक नाय तो काय माणूस हाय. आजी सूप पाखडत होती. पाखडता पाखडता म्हणाली, तुम्ही दोघं काय माणसं हाय ते मला ठाऊक हाय. पाखरं हाकायला मी रोज माळ्यावर बसते, तिथून बोंडारा समोर दिसतो. आधी एक येऊन सोलून गेला, मग दुसरा येऊन लिंपून गेला.

ताई, मी विचारलं, मग टेम्पो निघायच्या आधी बोलली का नाय? तर म्हणाली, सगळ्यांची बोचकी बांधून झाली होती, एका म्हातारीच्या सांगण्यावरून टेम्पो थांबला असता का? हे तिनं रागानं नाय म्हटलं. ते रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मला शिव्या दिल्या असत्या तर लय बरं झालं असतं.

मी तिथंच उठलो, म्हटलं आता भिकाबाबाला सांगतोच, की तुझं सोंग उघडं पडलंय. आजीनं सूप खाली ठेवलं आणि माझा कान धरला. एवढी म्हातारी, पण पकड बघ! म्हणाली, गप बस. आपली करणी मला कळू नये म्हणून तो राबतोय. मला सगळं ठाऊक हाय असं त्याला कळलं तर त्याला भ्यायला काय उरलं? उद्यापासून दारात बसून विडी ओढेल. आणि अजून भाताच्या तीन उडव्या मळायच्या हायत.

म्हणून तुझ्या पाया पडतो, ताई. कोणाला सांगू नको. दाजींना नको, आईला नको, पाड्याकडचं कोणी नाशकात भेटलं तर त्याला तर नकोच नको. निदान शेवटची उडवी मळून, धान्य आजीच्या कणगीत पडेपर्यंत तरी तोंड उघडू नको. माया असू दे.

तुझा
मंगळू