झेर्नोवेचा जुना नकाशा

१४ ऑक्टोबर २०२२, शुक्रवार

बाबांनी पावाच्या रांगेत प्रोखोरकाकांचे दोन दात पाडले. एक सापडला, दुसरा नाही.

प्रोखोरकाका खालच्या मजल्यावर राहतात. बाबांबरोबर गेली वीस वर्षं बुद्धिबळ खेळतात. ते एवढंच म्हणाले, युक्रेन आता वेगळा देश आहे, राहू द्या की वेगळा, आपलं काय अडलंय? बाबांनी आधी पिशवी शांतपणे माझ्या हातात दिली. मग मारलं. काका खाली पडल्यावरही मारत राहिले. रांगेतलं कोणी जागचं हललं नाही – नंबर गेला असता.

घरी येऊन बाबांच्या सुजलेल्या हातावर गोठवलेल्या, खिमा भरलेल्या पेल्मेनीची पिशवी ठेवली. मग त्याच पेल्मेनी उकडून जेवलो. बाबा जेवताना पुटपुटत होते, "वेगळा देश म्हणे. तुझ्या आईला मी काय परदेशातून आणली?"

आई झेर्नोवेची. इथून एकशे नव्वद किलोमीटर, तेव्हा एकाच देशात, आता सीमेपलीकडे युक्रेनमध्ये. १९८४ साली बाबा लष्कराच्या बांधकाम तुकडीत होते. झेर्नोवेला रणगाडादुरुस्तीचा डेपो बांधत होते, आणि आई त्यांच्या पंगतीत वाढायला होती. आईला जाऊन चौदा वर्षं झाली. तिची बहीण, ओरिस्यामावशी, अजून तिथंच आहे.

१७ ऑक्टोबर, सोमवार

कामाबद्दल लिहायला बंदी आहे. लिहिते आहे.

जिथं मारा करायचा, त्या जागेची नकाशावरची खूण माझ्या टेबलावर येते. जुन्या पद्धतीनं मोजलेली जागा मी क्षेपणास्त्राला कळेल अशा आकड्यांत बसवते. नियम असा, की एकच खूण दोघांनी वेगवेगळी वाचायची, मग आकडे ताडून पाहायचे. दुसरा वाचणारा फादेय. शेजारच्या टेबलावर बसतो आणि माझा कागद बघून तेच आकडे उतरवतो. म्हणतो, "तू चुकलीस तर मी तरी कुठला बरोबर येणार?"

आज मेजरसाहेबांनी शनिवारच्या माऱ्याचं चित्रीकरण दाखवलं. गोदाम फुटलं. एक माणूस पेटलेला बाहेर आला. चार सेकंद पळाला. फादेयनं टाळी वाजवली, मग माझ्याकडे बघून हात खिशात घातले. मी फक्त नेम आणि मारा यांतला फरक नोंदवला – सहा मीटर.

१९ ऑक्टोबर, बुधवार

संध्याकाळी मावशीचा फोन आला. आधी चांगली बातमी सांगितली. सोल्याला – म्हणजे माझ्या मावसबहिणीला – नव्या शाळेत नोकरी लागली. गणित शिकवते. वर्ग तळघरात भरतात, पण भरतात. घरापासून चालत वीस मिनिटं. "तुझ्यासारखीच आकड्यांची वेडी," मावशी म्हणाली. मग सांगितलं, की रात्रीच्या माऱ्यात त्यांच्या सगळ्या काचा गेल्या. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा गॅलरीत उभे होते. त्यांचा पाय सकाळी अंगणातल्या झाडावर सापडला.

बाबांनी फोन काढून घेतला. आपले लोक घरांवर मारत नाहीत, तुम्हीच मारता आणि आमच्या नावावर खपवता, असं बरंच बोलले. फोनचा आवाज मोठा ठेवला होता, म्हणून मावशीचं मलाही ऐकू आलं. ती चिडली नाही.

"लेव्ह, मी राहते ती इमारत तुझ्याच डेपोची आहे. आता त्यात घरं केलीत. भिंत तू बांधलेली, ती उभी आहे. काच तुझ्या लोकांनी फोडली."

"डेपोत माणसं राहत नाहीत," बाबा म्हणाले. पुढं आईचं नाव घेऊन मावशीला असं काही बोलले, की मी फोनला हात घातला. त्यांनी माझ्या डाव्या कानावर मारलं. मग फोन भिंतीवर.

२० ऑक्टोबर

कानात बारीक शिट्टी. थांबत नाही. जुन्या फोनमध्ये कार्ड घातलं. मावशीनं माझा नंबर बंद केलाय.

१ नोव्हेंबर, मंगळवार

खूण आली – झेर्नोवे, रणगाडादुरुस्ती डेपो.

नकाशा १९८६ सालचा. डेपो त्याच्याही आधीचा, आणि बंद पडूनच पंचवीस वर्षं झाली. आता तीन मजले, अठ्ठेचाळीस घरं. चार उन्हाळे मी तिथं राहिले आहे, शेवटचा २०१३ सालचा. मावशीचं घर तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या डावीकडे.

मेजरसाहेबांकडे गेले. मेजरसाहेब, म्हणजे वेनिअमिन साव्विच, कधी आवाज चढवत नाहीत. मला बसवलं, चहा दिला. मी सांगितलं, नकाशा जुना आहे, तिथं आता लोक राहतात, मी डोळ्यांनी पाहिलंय.

"आग्निया ल्वोव्ना, हा नकाशा आपल्या माणसांनी पायी फिरून केलाय," ते म्हणाले. "एकेक विहीर मोजलीय. तिकडच्यांनी नंतर काय केलं? पाट्या बदलल्या. पाट्या बदलून जमीन बदलते का?"

मी म्हटलं, निदान नवा नकाशा मागवू या.

"नवा नकाशा परदेशाला लागतो. हा परदेश आहे का?" मग चहाकडे बोट दाखवलं. "प्या, गार होतोय."

उठताना त्यांनी विचारलं, तिकडं माझं कोणी आहे का. मी नाही म्हटलं.

२ नोव्हेंबर

मावशीला सहा संदेश पाठवले. एकही पोचला नाही.

बाबांना सहज विचारावं तसं विचारलं – डेपो अजून असेल का हो? "असणारच," ते म्हणाले. "आपण बांधलेलं पडत नाही."

३ नोव्हेंबर, गुरुवार

केलं.

डेपोच्या पूर्वेला तेराशे मीटरवर सफरचंदाची बाग आहे. कुंपण नाही, राखण नाही. मी आणि सोल्या तिथं आंबट सफरचंदं चोरायला जायचो. चार उन्हाळ्यांत तिथं गांधीलमाशांशिवाय कोणी भेटलं नाही. नकाशावरही हिरवा चौकोन आहे. मी डेपोच्या जागी त्या चौकोनाचा मध्य लिहिला.

फादेयनं कागद पाहिला. या वेळी नेहमीपेक्षा जास्त वेळ पाहिला. मग उतरवून घेतला.

पकडलं तर तुरुंग – तिथवर जिवंत पोचले तर.

४ नोव्हेंबर, शुक्रवार

राष्ट्रीय एकता दिनाची सुट्टी. बाबांनी पदकं लावली. त्यांचे तीन मित्र आले, एका रक्ताच्या लोकांसाठी पेले रिकामे केले. तिसऱ्या बाटलीनंतर खाली जाऊन प्रोखोरकाकांची खिडकी फोडली. काच काकूंच्या कपाळात घुसली. मी बर्फ आणि पट्टी घेऊन गेले. काकूंनी दाराच्या फटीतून हात बाहेर काढला, पट्टी घेतली, दार लावलं.

बाबा जिन्यात बसून रडत होते. म्हणाले, आता बुद्धिबळ कोणाशी खेळू?

७ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी दहा चाळीस. दोन क्षेपणास्त्रं डागली.

८ नोव्हेंबर, मंगळवार

वरून काढलेलं छायाचित्र आलं. डेपो जसाच्या तसा. पूर्वेला धूर, त्याखालचं काही दिसत नाही.

मेजरसाहेबांनी खोलीचं दार आतून लावून घेतलं. दोघांचे कागद शेजारी ठेवले. आकडे सारखे, म्हणजे चूक वाचनात नाही, यंत्रात – नियम तसाच आहे. तरीही त्यांनी फादेयला मारलं. नकाशाच्या गुंडाळीनं, मग मुठीनं, मग डोकं टेबलावर आपटून. सगळं आवाज न चढवता. माझ्याकडे वळून म्हणाले, "बाईमाणसावर मी हात टाकत नाही." मी आभार मानले. खरंच मानले.

फादेयचं नाक मोडलंय. जिन्यात मी त्याला रुमाल दिला.

"तुला कळलं होतं," मी म्हटलं.

"तू चुकलीस तर मी तरी कुठला बरोबर येणार?" तो हसला. दातांवर रक्त होतं. मग विचारलं, "त्या बागेत कोण होतं?"

"कोणी नाही. सफरचंदं."

अठ्ठेचाळीस घरं. घरामागे तीन माणसं धरली तर एकशे चव्वेचाळीस. आज झोप लागेल.

११ नोव्हेंबर, शुक्रवार

मावशीचा संदेश. तेवढ्यासाठीच तिनं माझा नंबर सुरू केला.

"तुझ्या बापाला सांग, डेपो उभा आहे. बाग सहा वर्षांपूर्वीच तोडली, तिथं नवी शाळा बांधली होती. सोमवारी सोल्या तळघरात वर्ग घेत होती. तळघर उरलं नाही."

घरापासून चालत वीस मिनिटं. ताशी चार किलोमीटरनं तेराशे तेहतीस मीटर.

एवढं गणित मी मांडलं नव्हतं.